दाजींचं कार्ड आणि आक्काचं मनगट

बेळगावजवळच्या मच्छ्यात कुणालाही विचारा, विमानाचा माणूस कुठं राहतो, म्हणून. लोक आमच्या दाजींचं घर दाखवतील. दाजी विमान चालवत नाहीत. सांबऱ्याच्या विमानतळावर नोकरीलाही नव्हते. एकसष्ट वर्षांच्या आयुष्यात ते विमानात चार वेळा बसलेत. त्यातली दोन विमानं जाण्याची आणि दोन येण्याची, म्हणजे प्रवास एकच. तरीही पंचक्रोशीतलं कुणी दुबईला निघालं, कुणाची लेक बाळंतपणाला आईला अमेरिकेला बोलवायला लागली, की ती माणसं आधी दाजींच्या सोप्यात येऊन चहा पिणार आणि मग पासपोर्ट काढायला जाणार.

दाजी म्हणजे परशराम, माझ्या थोरल्या बहिणीचे, मालुबाईचे, म्हणजे आक्काचे यजमान. मी जया. निपाणीत मराठी शाळेत बत्तीस वर्षं मास्तरीण होते, आता रिटायर आहे. दाजींना चार शब्द सुनवायचा हक्क मेहुणीला असतो आणि तो हक्क मी आजवर वाया जाऊ दिलेला नाही. माणूस वाईट नाही, हे मात्र आत्ताच सांगून टाकते. पुढं सांगायला जमेल असं वाटत नाही.

मच्छ्याच्या इंडस्ट्रियल एरियात दाजींची पत्र्याची शेड आहे, तीन लेथ आहेत. शेतकऱ्याचं पोर फाउंड्रीत झाडू मारायला लागलं, बघून बघून टर्नर झालं, पुढं स्वतःची शेड टाकली. हातात कसब मोठं. लोखंडाचा तुकडा डोळ्यासमोर धरून एक डोळा मिटणार आणि म्हणणार, "अर्धं सूत जास्त हाय." मापून बघावं तर अर्धं सूतच जास्त. त्या कसबावर घर बांधलं, पूर्णिमा आणि स्वरूप ही दोन पोरं शिकवली. अडचण एवढीच झाली, की लोखंडातलं कळतंय म्हणजे जगातलं सगळंच कळतंय, असं त्यांनी स्वतःच ठरवून टाकलं.

सहा वर्षांपूर्वी एका बँकेचा टाय लावलेला माणूस शेडवर आला. "आप्पा, हे कार्ड सगळ्यांना देत नाही, तुमच्यासारख्या उद्योजकांनाच देतो," म्हणाला. उद्योजक! तोवर दाजींना लोक 'लेथवाले' म्हणायचे. तिथंच माणूस खलास झाला. कार्ड काळंभोर, वर सोनेरी नाव. "परदेशात काय झालं, तर लाखांनी विमा, एक पैसा न भरता," हे त्या टायवाल्याचं एक वाक्य दाजींनी कानात साठवलं आणि पुढचं ऐकायचं बंद केलं. कार्डाबरोबर चाळीस पानांची इंग्रजी पुस्तिका आली होती, प्लास्टिकच्या पिशवीत सील केलेली. ती दाजींनी शोकेसमध्ये पोरांच्या ढालींशेजारी उभी करून ठेवली. पिशवी फाडली तर मालाची किंमत उतरेल, असं त्यांना वाटत असावं.

मग काय, लग्न असो, बारसं असो, दाजी खिशात हात घालून कार्ड बाहेर काढणार. "विमा बिमा काढू नगा. इन्शुरन्सवाल्यांचा धंदाच त्यो, माणसाला भ्या घालायचं आणि पैसं उकळायचं. कार्ड काढा. जगात कुठंबी जावा, बँक मागं हाय." पिरनवाडीच्या एका इंजिनियरला, खानापूरच्या दोन डॉक्टरांना त्यांनी हे ज्ञान पाजलं. डॉक्टरांनासुद्धा! आणि ते मान डोलवत ऐकून घेत. इतक्या खात्रीनं बोलणाऱ्या माणसाला "तुम्ही वाचलंय का हो?" असं विचारायला आपल्याकडं लोकांना लाज वाटते.

पूर्णिमा सिंगापूरला असते. जावई रविराज तिथं कंपनीत आहे. लग्नाला नऊ वर्षं झाली तरी पाळणा हलला नव्हता. किती डॉक्टर, किती औषधं, दोनदा आशा लागून मोडली. पोरगी फोनवर हसून बोलायची आणि आक्का फोन ठेवून मोरीत जाऊन रडायची. शेवटी एकदाचं देवानं बघितलं. पूर्णिमाला दिवस गेले, पाचवा महिना सुखरूप पार पडला, तेव्हा आक्कानं मला फोन करून एवढंच सांगितलं, "जया, ते बाळ मी माझ्या हातानं न्हाऊ घालणार."

आक्काच्या त्या हातांबद्दल सांगायला पाहिजे. मच्छ्यातली निम्मी पोरं तिच्या पायांवर न्हाऊन मोठी झालीत. पैसे घेऊन नाही, हौसेनं. दोन्ही पाय लांब सोडून बसायची, बाळ पालथं घ्यायची, कोपरानं पाण्याचा अंदाज घ्यायची आणि तिचा उजवा हात बाळाच्या पाठीवरनं असा फिरायचा, की बोंबलणारं पोर गप्प व्हायचं. लोकांची दोनशे पोरं न्हाऊ घातली आणि पोटच्या पोरीचं बाळ नऊ वर्षं येईना, हे तिला किती लागलेलं होतं ते मला ठाऊक आहे. तिला सिंगापूर बघायचं नव्हतं. तिला महिनाभर रोज सकाळी एक बाळ न्हाऊ घालायचं होतं.

आणि एक भीती होती. सप्टेंबरात मी मच्छ्याला गेले होते, तेव्हा भाकरी थापता थापता म्हणाली, "तू तरी सांग गं ह्यास्नी. ते विम्याचं काय असतंय ते काढू या म्हणावं. परमुलखात माझं काय दुखलं-खुपलं, तर पोरीच्या गळ्यात पडायला नगो. त्या दोघांनी नऊ वर्षं दवाखान्यात घालवल्यात. माझ्यापायी आणि एक नगो."

स्वरूप बेळगावात नोकरी करतो, पोरगं हुशार आहे. त्यानं मोबाइलवर बघूनच ठेवलं होतं. दोघांचा महिनाभराचा विमा चार हजारांच्या आत येत होता. मी सोप्यात जाऊन दाजींपुढं विषय काढला, आक्काही मागोमाग येऊन दारात उभी राहिली. त्यांनी पेपर खाली ठेवला, चष्मा कपाळावर सरकवला.

"मालू, तुला काय कळतंय का गं? बँकेनं फुकट दिलेला असताना चार हजार घालून आणि एक विमा? एका डोस्क्यावर दोन हेल्मेट घालत्यात व्हय?"

"दाजी, ती पुस्तिका वाचलाय का कधी?" मी विचारलं.

"मास्तरीणबाई, लेथ घेतला तवा बी पुस्तक आलतं. न वाचता तीस वर्षं चालवतोय."

सगळे हसले. मीही हसले. आक्का तेवढी हसली नाही, तव्यावरची भाकरी उलटायला आत गेली. मी हसले याची मला आजही लाज वाटते. बत्तीस वर्षं पोरांना "आधी धडा वाचा, मग उत्तर लिहा" म्हणून छड्या मारल्या, आणि शोकेस चार पावलांवर असताना हात पुढं करायला मला काय झालं होतं?

मग आली खंडेनवमी. बाकीच्या जगाला तिकीट कुठल्याही दिवशी काढता येतं. आमच्या घराला ते नेमकं खंडेनवमीला काढायचं सुचलं.

मच्छ्याच्या शेडींत खंडेनवमी म्हणजे दिवाळीपेक्षा मोठी. आदल्या दिवशी लेथ रॉकेलनं पुसायचे, झेंडूच्या माळा घालायच्या, ऊस बांधायचे, दारात कुंकू भरून कोहळा फोडायचा, कामगारांना चिरमुरे-पेढे वाटायचे. हत्यारं पाटावर मांडायची आणि एकदा हळदीकुंकू वाहिलं की दसऱ्याचं सोनं लुटेपर्यंत त्यांना हात लावायचा नाही. आणीबाणीची ऑर्डर आली तरी मशीन सुरू करायचं नाही. हा नेम दाजींच्या गुरूनं घालून दिलेला, आणि त्यात चुकीचं काही नाही. हत्याराला एक दिवस विसावा द्यावा. माझी तक्रार नेमाबद्दल नाहीच.

त्या वर्षी पाटावर व्हर्नियर होता, मायक्रोमीटर होता, टूलबिटं होती, आणि मधोमध, सगळ्यांत मोठं झेंडूचं फूल डोक्यावर घेऊन, ते काळं कार्ड होतं.

"हे काय हत्यार हाय व्हय?" मी म्हटलं.

"ह्या काळातलं हत्यार हेच," दाजी म्हणाले आणि वर आणखी एक चिमूट कुंकू वाहिलं.

दुपारी जेवणं झाल्यावर स्वरूप मोबाइल घेऊन धावत आला. बेळगाव-बेंगळुरू-सिंगापूर, तिकिटाचा भाव निम्म्यावर आलेला, फक्त आजच्या दिवस. "आप्पा, कार्ड द्या लवकर, काढून टाकतो."

दाजींनी पाटाकडं बघितलं आणि कानाच्या पाळीला हात लावला. "आज न्हाय. पूजेत बसलंय."

"कार्ड उचलू नका. मी वाकून नंबर बघतो नुसता."

"नंबर कुठनं दिसणार? वर फूल हाय, कुंकू हाय. देवाला वाहिलेलं फूल हलवून नंबर वाचणार तू?"

"आप्पा, विमा कार्डाचा हाय न्हवं? मग तिकीट त्याच कार्डावर काढायला लागत असंल की."

दाजी पोराकडं कीव आल्यासारखं बघत म्हणाले, "अरे खुळ्या, कार्ड बँकेनं मला दिलंय का तिकिटाला? माझ्या खिशात असलं की झालं. तू तुझ्या खात्यातनं भर."

स्वरूपनं भरलं. दुसऱ्या दिवशी सोनं लुटून झाल्यावर दाजींनी कार्ड उचललं, कुंकू पुसलं, कपाळाला लावलं आणि खिशात घातलं. तिकीट तोवर निघालेलं होतं.

नोव्हेंबरात दोघं निघाले. पुढचं मला पूर्णिमानं सांगितलेलं आहे, आणि थोडंफार दाजींनीच आपल्या तोंडानं. बेंगळुरूच्या विमानतळावर कार्ड दाखवल्यावर सोफ्यावर बसायला मिळालं, फुकट इडली मिळाली. दाजींनी तीनदा आणून खाल्ली. "बघ. आणि तू चार हजार पाण्यात घालायला निघालतीस," असं आक्काला तिथंच ऐकवलं. आक्का म्हणे इडली न खाता डिंकाच्या लाडवांची पिशवी मांडीवर घेऊन बसली होती.

पोचल्यावर चौथ्या दिवशी पूर्णिमाला मुलगी झाली. पोट कापून झाली, पण बाळ ठणठणीत. आक्कानं त्या फ्लॅटच्या वीतभर बाथरूममध्ये बैठक मांडली. पाय पुरते लांब करता येत नव्हते, भिंतीला टेकायचे. तरी रोज सकाळी तेल, डाळीचं पीठ, ऊन पाणी, आणि बाळ पायावर. पूर्णिमा सांगते, आईचा चेहरा तसा मी जन्मात बघितला नव्हता. आठ दिवस बाईनं स्वर्ग भोगला.

नवव्या दिवशी बाळ न्हाऊन झालं, दुपट्यात गुंडाळून पूर्णिमाच्या हातात दिलं, आणि आक्का उठली. फरशीवर तेल होतं. पाय सटकला आणि सगळा भार उजव्या हातावर आला. मनगट जागचं सरकलेलं डोळ्यांना दिसत होतं.

दाजी धावत आले. "लागलं का गं?" हे पहिलं वाक्य नव्हतं. पहिलं वाक्य होतं, "कुणी घाबरायचं न्हाय! नंबर हाय!" आणि खिशातनं चष्मा काढला, कार्ड काढलं, मागचा नंबर लावला, स्पीकर सुरू केला. पाच वर्षं ज्याची वाट बघितली तो क्षण आला होता. पूर्णिमा म्हणते, आई जमिनीवर बसून हात धरून कण्हत होती आणि आप्पांची छाती फुगलेली दिसत होती.

"हल्लो, हमारा मिसेस गिर गया. हात मोड्या है. कौनसा दवाखाना में जाने का, बोलो."

पलीकडच्या मुलीनं नाव विचारलं, कार्ड नंबर विचारला, आणि मग विचारलं, तिकीट ह्याच कार्डावर घेतलं होतं का?

इथं दुसरा माणूस गार पडला असता. दाजींनी तिला खंडेनवमी समजावून सांगितली. हत्यारं, पाट, कुंकू, फूल, सगळं. "मॅडम, वो दिन कार्ड पूजा में बैठा था. उठाने का नहीं रहता." तिच्या कॉम्प्युटरवर ह्या कारणाला रकाना नसावा. मग ती म्हणाली, माफ करा सर, तिकीट ह्या कार्डावर नसेल, तर विमा लागूच होत नाही.

दाजींनी फोन पूर्णिमाच्या हातात दिला आणि गॅलरीत जाऊन पाठमोरे उभे राहिले. पूर्णिमा मिनिटभर आणखी बोलली आणि तिनं फोन ठेवला.

रविराज ऑफिसातनं टॅक्सीनं आला. "आई, चला. पैशाचं मी बघतो." लाखात एक पोर, मी त्याला नावं ठेवणार नाही. पण आक्का अडून बसली. जावयाच्या पैशानं दवाखाना? आमच्यात लेकीच्या घरातनं निघताना लेकीच्या हातावर काहीतरी ठेवून निघतात, तिच्या संसारातनं उचलून घेत नाहीत. "नुसतं लचकलंय," म्हणाली. "बळं न्हेलासा तर उद्याच्या विमानानं जाईन, आणि बाळाला न्हाऊ घालायला कुणी ऱ्हाणार न्हाय." पूर्णिमाचे टाके अजून ओले होते. ती ओरडली, रडली, हात जोडले. आक्का हलली नाही.

मग दाजींनी सूत्रं हातात घेतली. दोन प्लास्टिकच्या पट्ट्या, एक जुनी ओढणी. आक्काचा हात डोळ्यासमोर धरला, एक डोळा मिटला, थोडा इकडं वळवला, थोडा तिकडं वळवला आणि बांधला. "आता सरळ हाय," म्हणाले. केसाएवढा फरक लोखंडात ओळखणाऱ्या माणसानं चाळीस वर्षं आपल्याला भाकरी घालणारा हात वाकडा बांधला, आणि त्याला तो सरळ दिसला.

पुढचे सतरा दिवस आक्कानं बाळाला डाव्या हातानं न्हाऊ घातलं. उजव्या कोपरानं आधार द्यायची आणि दाजी पाणी ओतायचे. कण्हावंसं वाटलं की बाथरूममध्ये जाऊन नळ मोठा सोडायची. पूर्णिमाला वाटायचं, आई कपडे धुते. बाळंतिणीनं ऐकू नये, तिचं दूध आटेल, म्हणून. हे ऐकलं तेव्हा मी दाजींना काय काय बोलले ते इथं लिहीत नाही. मास्तरीण होते शेवटी.

परत आल्यावर बेळगावच्या हाडाच्या डॉक्टरांनी एक्स-रे बघितला. "कुणी बांधलं हे?"

"मीच," दाजी म्हणाले. त्यातही थोडा अभिमान होताच.

हाड वाकडं जुळून आलेलं. परत मोडलं, पट्टी घातली, स्क्रू घातले. दुखणं थांबलं, पण मूठ मिटेना. आजही मिटत नाही. भाकरी थापता येत नाही, बादली उचलता येत नाही. बाळाच्या पाठीवरनं फिरणारा तो हात आता आक्का पदराखाली झाकून ठेवते.

ह्यानंतर माणसानं निदान गप्प बसावं की नाही? दाजींनी गोष्ट तयार केली. पहिल्यांदा शेजाऱ्यांना सांगितली, मग शेडवर, मग देवळात. "तिकीट कार्डावर काढलं असतं, तर राजेशाही दवाखाना मिळाला असता. पण देवाला बसवलेलं हत्यार उचलायचं न्हाय, म्हणजे न्हाय. नुकसान सोसलं, नेम मोडला न्हाय." लोकांना ही गोष्ट भारी आवडली. ऐकणाऱ्यांच्या अंगावर काटा यायचा. पुढच्या खंडेनवमीला तर भजनी मंडळानं बोलवून शाल आणि नारळ दिला, नेमाला जागलेला माणूस म्हणून. आक्का बायकांत मागं बसली होती. टाळ्या वाजल्या तेव्हा तिला एका हातानं टाळी वाजवता येईना.

डिसेंबरात पूर्णिमा बाळाला घेऊन आली. जावळ मच्छ्यात काढायचं ठरलं. मी दोन दिवस आधी जाऊन राहिले, आणि ह्या वेळी हसत बसले नाही. सरळ शोकेस उघडली, पुस्तिका काढली, पिशवी फाडली आणि चष्मा लावून पहिल्या पानापासनं बसले. तेविसाव्या पानावर सापडलं. बारीक अक्षर होतं, पण इंग्रजी सोपं होतं, आमच्या सातवीतल्या पोरांनाही कळलं असतं. पाहुणे गेल्यावर दाजींना एकट्याला गाठून दाखवायचं, असं मी ठरवलं होतं. खरंच ठरवलं होतं.

जावळ झालं. स्वरूपच्या मांडीवर बसून भाचीबाईनं रडून गाव गोळा केलं. मग आंघोळ. शेजारच्या अंबुबाईंनी बाळ पायावर घेतलं. आक्का जवळच पाटावर बसून सांगत होती, "मानंखाली हात धरा. पाणी लई कढत हाय, विसण घाला. कानात जाईल, हळू." एकदा तिचा उजवा हात आपोआप पुढं झाला, बाळाच्या पाठीपर्यंत गेला, आणि तिनं तो मागं घेतला. अंबुबाईंनी मान खाली घातली. मला तिथं उभं राहवेना.

पंगत बसली. दाजींचा शेडशेजारचा दोस्त भरमू पानावर बसलेला होता. पोरानं त्याला आणि त्याच्या बायकोला मे महिन्यात थायलंडला पाठवायचं ठरवलं होतं, म्हणून त्यानं दाजींना विम्याचं विचारलं. बास. दाजी बुंदीची पळी हातात घेऊन पंगतीच्या मध्ये उभे राहिले आणि गोष्ट सुरू झाली. पाट, कुंकू, फूल. "नेमापायी आमचा हात गेला, भरमू. पण आम्ही हूं की चूं केलं न्हाय. आजबी सांगतो, कार्ड घे. फकस्त तिकीट कार्डावर काढ."

माझं डोकं फिरलं. मी आतनं पुस्तिका घेऊन आले.

"दाजी, थांबा जरा. तेवीस नंबरचं पान. विमा फक्त ज्याच्या नावावर कार्ड आहे त्याला लागू. नवरा, बायको, पोरं, कुणालाच नाही. कळलं काय? तुम्ही फूल हलवून कार्ड उचललं असतं, तरी आक्काला दमडी मिळाली नसती. तुम्ही पडला असता तर मिळाली असती. देवाचा काही संबंधच नाही ह्यात. आक्का त्या कार्डात कधी नव्हतीच."

पंगतीतली जेवणारी तोंडं थांबली. दाजींनी पळी पातेल्यात सोडली. त्यांनी पूर्णिमाकडं बघितलं, आणि पूर्णिमा बाळाचं टोपडं सारखं करत बसली.

"तिच्याकडं काय बघतासा?" आक्का दारातनं म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. "मला ठावं हाय ते. तुम्ही ग्यालरीत गेलासा तवा फोनवरल्या पोरीनं ते बी सांगितलंतं, स्पीकर सुरूच हुता. मीच पूर्णीला गप बसवलं."

"मग मला का न्हाय सांगितलंस?" दाजींचा आवाज कधी नव्हे तो बारीक झाला होता.

"तुमचं तोंड बघवंना. म्हटलं, देवावर ढकलू देत. देव काय बोलून दाखवत न्हाय. आणि मला तरी त्यात नवीन काय हुतं? घर तुमच्या नावावर, शेड तुमच्या, बँक तुमची. मी कुठल्या कागदात हाय? रेशन कार्डात हाय तेवढी." तिनं पुढं होऊन पूर्णिमाच्या मांडीवरचं बाळ डाव्या हातानं कडेवर घेतलं. "त्याचं बी मला काय वाटलं न्हाय. पण वरीसभर 'आमचा हात गेला, आमचा हात गेला' म्हणून गावभर शाल पांघरून फिरतासा, ते सोसंना झालंय. कुणाचा हात गेला? एकदा तरी सांगा की, कुणाचा गेला?"

दाजींचे डोळे भरले होते, ते मी बघितलं, आणि खरं सांगते, मला जराही कीव आली नाही. कुणीतरी उठून बुंदी वाढायला घेतली. पानावरचे लोक पानातच बघत होते.

भरमूला बिचाऱ्याला ह्यातलं निम्मंच कळलं असावं. त्यानं हातातला पापड पानात ठेवला आणि सगळ्यांत शहाण्या माणसाला विचारावं तसं आक्काला विचारलं, "मग वैनी, आम्ही काय करू? ते कार्ड काढू का नगो?"

आक्कानं डाव्या कडेवरचं बाळ घट्ट धरलं.

"काढ की रं भरमू. कार्ड काय वाईट न्हाय. बायकोला तेवढं घरात ठेवून जा."